स्टेडियमच्या मागच्या बाजूला

लग्न करून मी आसेगावकडून या तालुक्याच्या गावात आले, तेव्हा आमच्या दारातून सरळ फुटबॉलचा गोल दिसायचा. दोन वाकडी लाकडं आणि वर आडवा बांबू. जाळी नव्हती. बॉल आत गेला की तो घरंगळत आमच्या चुलीपर्यंत यायचा आणि कोणीतरी घामेजलेला माणूस दारात उभा राहून म्हणायचा, "वयनी, बॉल द्या जरा."

मैदान गावाच्या खालच्या अंगाला होतं आणि त्याच्या कडेकडेनं आमची वस्ती. अर्धी घरं आम्हा बौद्धांची, अर्धी मुसलमानांची. कुडाच्या भिंती, वर टिनं किंवा कवेलू. वरच्या गावाचं सांडपाणी उतारानं आमच्या बोळीत यायचं आणि तिथंच मुरायचं. गावातले लोक आमच्याकडे फक्त हिवाळ्यात यायचे, टुर्नामेंट बघायला. अकोल्याहून, अमरावतीहून टीमा यायच्या. आमच्या वस्तीचीही टीम होती. माझा नवरा तिचा गोलकीपर. बाकी वर्षभर तो जिनिंगमध्ये कापसाचे बोजे उचलायचा.

टुर्नामेंटचे ते दिवस मला कधीच आवडले नाहीत. मैदानापलीकडे बाभळीचं रान होतं आणि आम्हा बायकांचं जाणं-येणं तिकडंच. मॅच असली की दुपारपासून सगळीकडे पुरुषच पुरुष. ते आमच्या घरांच्या भिंतींवरच मोकळे व्हायचे. आणि आम्ही त्या दिवसांत सकाळपासून पाणी कमी प्यायचो. हे कोणी कोणाला शिकवलं नव्हतं. नवी सून आली की चार दिवसांत तिला आपोआप कळायचं.

मग दुष्काळाचं साल आलं. शेतात काम राहिलं नाही, जिनिंगला कुलूप लागलं. रेशनवर मिलो मिळायचा, परदेशातून आलेली लाल ज्वारी; तिच्या भाकरी तव्यावरच तुटायच्या. त्या वर्षी आमच्या वॉर्डाचा मेंबर वस्तीत आला. तो बोलायला गोड माणूस होता, खुर्ची मागायचा नाही, ओट्यावरच बसायचा. म्हणाला, "दुष्काळी काम आपल्या वस्तीतच काढून राह्यलो. या मैदानाचं स्टेडियम होते. चारी अंगानं भिंत, बसाले सिमेंटच्या पायऱ्या. त्याच्यासंगं वस्तीबी सुधरते. रोड, नाली, नळ, संडास, सगळं."

माझी सासू, तिला मी आत्याबाई म्हणायचे, मिलो निवडत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "आधी काय होते? स्टेडियम का संडास?"

"सगळं संगंच होते, माय," मेंबर म्हणाला.

आम्हीच ते बांधलं. वस्तीतल्या जवळजवळ सगळ्या बायका कामावर होत्या. आत्याबाई गिट्टी फोडायची, मी टोपली वाहायचे, माझ्या पुढं खाला. ती आमची शेजारीण, नवरा नसलेली, शिवणकाम करून पोट भरणारी. दुष्काळात शिवायला कपडे कोण टाकणार, म्हणून तीही टोपली घेऊन आली होती. उन्हानं डोळ्यांपुढं अंधारी यायची. दुपारी सुकडी, पिठाचा कोरडा गोडसर खाऊ, वाटायचे, ती पदरात घेऊन आम्ही बाभळीच्या विरळ सावलीत बसायचो. खाला म्हणायची, "बेटी, अपना ही घर बन रहा समझ के उठा, तो हल्का लगता." मला काही हलकं लागलं नाही. रात्री मान वळायची नाही.

भिंत उभी राहिली तेव्हा कळलं की पायऱ्यांची ओळ आमच्या घरावरून जाते. आमच्या आणि शेजारच्या घरांना मागं सरकायला सांगितलं. जागा दाखवली ती मागच्या खोलगट भागात, मुरूम टाकून सपाट केलेली. नवरा नाराज नव्हता. त्याला गोलला खरी जाळी मिळणार होती. मी म्हटलं, "घर मोडून राह्यलं आन तुमाले जाळीचं पडलं?"

"घर काय, उचलून तिकडं ठेवू," तो म्हणाला. "कुडाचंच त हाये."

 दुसऱ्या दिवशी आत्याबाईनं स्वतःच टिनं काढायला घेतली. नगरपालिकेच्या माणसांनी घराला हात लावावा हे तिला चालणार नव्हतं. सासऱ्यांनी जिवंत असताना एक सागवानी चौकट आणून बसवली होती, घरात तेवढीच काय ती घट्ट वस्तू. ती आम्ही दोघींनी मिळून उचलून नेली. नव्या जागी चौकट उभी केली, पण भिंती व्हायला पाऊस आडवा आला. ते चार महिने आम्ही ओल्या मुरमावर काढले.

काम पुढंही रेंगाळत चाललं. एका वर्षी सिमेंट मिळायचं नाही, दुसऱ्या वर्षी ओव्हरसिअर बदलून जायचा. पायऱ्या झाल्या. समोरचा रोड झाला, त्यावर खांब आले, खांबांवर दिवे आले. वस्तीच्या तोंडाशी एक नळ आला आणि त्याच्यापुढं पहाटेपासून घागरींची रांग. नाली भिंतीपर्यंत आली आणि थांबली. भिंतीनं बाभळीकडचा रस्ता बंद केला होता, त्यामुळे आम्हाला आता सगळ्या स्टेडियमला वळसा घालून, रोडवरून, दिव्यांखालून जावं लागायचं. अंधार होता तो बरा होता, असं बायका म्हणू लागल्या.

संडासही झाले. पायऱ्यांच्या मागच्या अंगाला, आमच्या घरांकडे पाठ करून, पक्क्या विटांची एक ओळ. चुना लावला, लोखंडी दार बसवलं, आणि दाराला कुलूप. टुर्नामेंट असली तरच उघडायचे.

खाला आणि मी नगरपालिकेत गेलो. मेंबरनं आम्हाला बसवलं, चहा सांगितला. म्हणाला, "बाई, ते संडास पब्लिकसाठी हायेत. तुमाले दिले त खराब होतीन. तुमच्यासाठी वायले, दुसरे बांधू."

"मंग आमी कोन हावो?" मी म्हटलं.

तो हसला. वाईट हसला नाही, लहान मुलानं काही विचारलं की हसतात तसा. खाला बाहेर आल्यावर म्हणाली, "चाय तो पिलाया ना. अगली बार देंगा." पुढच्या वेळी चहाही नव्हता. त्यानंतर किती खेपा घातल्या ते आठवत नाही. रोज निंदणाला जायचं, आल्यावर पाणी भरायचं, आणि मधूनच एक दिवस मजुरी बुडवून नगरपालिकेच्या व्हरांड्यात बसायचं. सायेब मीटिंगमध्ये आहेत, सायेब अकोल्याला गेले. शेवटी शेवटी मला बोलायचाच कंटाळा यायला लागला. खाला शिवणाचं काम सोबत आणायची, तिथंच बसून काजं करायची.

मग नव्या स्टेडियमवरची पहिली मोठी टुर्नामेंट झाली. आमच्या वस्तीची टीम फायनलला पोहोचली. नवरा दोन दिवस नीट जेवला नव्हता. फायनलच्या दुपारी पायऱ्या गच्च भरल्या, शेलूबाजारहून लोक जीपा भरून आले. आम्ही बायका बोळीत बसलो होतो, नेहमीसारख्या, कोरड्या तोंडानं. आत्याबाई उठली, घरात गेली आणि टमरेल भरून घेऊन आली.

"कुठं जाऊन राह्यल्या?" मी विचारलं.

"संडासले. आज उघडे हायेत ना? मंग आज जाऊ."

एवढंच बोलून ती चालायला लागली. तिच्यामागं खाला उठली. मग मी. मग एकेक करून बोळीतल्या सगळ्या. दर एकीच्या हातात टमरेल. संडासाकडे जायला मागून वाट नव्हती. मोठ्या गेटमधून आत शिरून, सगळ्या पायऱ्यांसमोरून जावं लागायचं. गेटवरच्या माणसानं हात आडवा केला.

"ओ बाई, कुठं?"

"मॅच पाह्यले," आत्याबाई म्हणाली.

"आन हे टमरेल?"

"तेबी पाह्यते मॅच. सरक."

तो सरकला. आम्ही डोक्यावरचा पदर सारखा करून पायऱ्यांसमोरून चाललो. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही, मग एका कोपऱ्यात हसू फुटलं, शिट्ट्या वाजल्या आणि ते हसणं आमच्यासंगं पुढं पुढं सरकत राहिलं. मी जमिनीकडे बघत होते. एकदाच मान वर केली तर समोर गोल, आणि गोलमध्ये माझा नवरा. तो आमच्याकडेच बघत होता. मेंबर खुर्च्यांच्या ओळीत पाहुण्यांजवळ बसला होता, तो उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला. आम्ही गेलो, आळीपाळीनं आत जाऊन आलो, त्याच वाटेनं परत आलो. परत येताना हसणं कमी होतं.

त्याच मॅचमध्ये नवऱ्याच्या हातून एक गोल गेला आणि आमची टीम हरली. घरी आल्यावर तो तोंड धुऊन भिंतीकडे तोंड करून झोपला. पुढं कितीक दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला. गावात कोणी म्हणालं असणार, बायकोनं मॅच घालवली म्हणून. एका संध्याकाळी मी चुलीपाशी असताना न राहवून विचारलंच, "आमच्याच पायी गेला का तो गोल?"

त्यानं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाला, "नाई वं. तुमी तवा वापसबी गेल्या होत्या. त्यानं मारलाच तसा होता."

"मंग बोलत काहून नाई?"

"माय चालली होती समोरून," तो म्हणाला. "मी येवढे वर्स तिथं खेळून राह्यलो, आन मले हे कधी दिसलंच नाई."

आठवड्याभरानं नगरपालिकेचा शिपाई आला आणि संडासांची किल्ली खालाच्या हातात देऊन गेला. कोणी कागद दिला नाही, भाषण केलं नाही. खालानं किल्ली शिलाई मशीनच्या खणात ठेवली. संडासात पाणी नव्हतं, नळावरून न्यावं लागायचं. धुण्याच्या पाळ्या लावल्या, त्यावरून भांडणं झाली. तरी ती दोन वर्षं बरी गेली. मग टाकी भरली. ती उपसायचं काम कोणाचं, यावर नगरपालिकेत पुन्हा खेपा सुरू झाल्या, आणि त्या खेपांना माझ्यासोबत खाला नव्हती. रोडला लागून दुकानांचे गाळे निघायला लागले होते, तिच्या घरमालकानं जागा विकली आणि ती कारंज्याला लेकीकडे निघून गेली. जाताना मला मिठी मारून म्हणाली, "तू थकना मत." मी हो म्हटलं. पण मी थकलेच होते. टाकी उपसली गेली नाही, संडासांना पुन्हा कुलूप लागलं, आणि मी त्यानंतर त्या व्हरांड्यात गेले नाही.

वस्ती सुधारली, असं गावात म्हणायचे. खोटं नव्हतं ते. रोडवर हॉटेलं आली, सायकलचं दुकान आलं, संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात पोरं अभ्यासाला बसायची. पण आमच्यासंगं टोपल्या वाहिलेल्या बायकांपैकी अर्ध्या तोवर दुसरीकडे राहायला गेल्या होत्या.

दुष्काळाला सात-आठ वर्षं होत आली तेव्हा नवऱ्यानं खेळणं सोडलं. गुडघा गेला होता. एका उन्हाळ्यात जिनिंगची पाळी संपवून आला की तो रोज थोडं थोडं खणायचा, घरामागच्या हातभर जागेत. मुरूम कडक होता.  खड्डा झाला, विटा आल्या, वर टिनाचा एक तुकडा. आत्याबाईनं बघितलं, नाक मुरडलं, "घराजवळ कोनी करते का हे?" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी तीच टमरेल घेऊन आत गेली.

दाराला अजून कडी बसवायची होती. मी आत गेले तेव्हा एका हातानं दार ओढून धरलं. बाहेर दुपार होती, मैदानात कोणाची तरी मॅच चालू होती, लोक ओरडत होते. मला कुठंच जायची घाई नव्हती. नवरा बाहेरून म्हणाला, "झालं का वं?" मी म्हटलं, "बसू द्या जरा."