पडद्यावरच्या यंत्राला हार

परळच्या ऑफिसात तो माझ्या शेजारी बसतो. लांबच्या कारखान्यांतली यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो आणि आधी स्क्रीनवरच्या खोट्या कारखान्यात चालवून बघतो. खऱ्या यंत्राला त्याने कधी हात लावलेला नाही. तरी स्क्रीनवरचा माल वाहणारा मुका पट्टा सुरू झाला की तो ओरडून बोलायला लागतो. मला ते खटकायचं. मग कळलं, त्याचे वडील गिरणीत मागांच्या खडखडाटात काम करायचे, लालबागच्या त्यांच्या घरात सगळेच असे बोलतात.

खंडेनवमीला आम्ही लॅपटॉपवर फुलं वाहिली. त्याने स्क्रीनवरच्या यंत्रालाच झेंडूचा हार रंगवून घातला. हार सेन्सरच्या आड आला आणि पट्टा थांबला.

"हार काढ रे, टेस्ट अडकलीय," मी म्हटलं.

"राहू दे," तो पहिल्यांदाच हळू बोलला. "आज मशीन बंदच ठेवतात."