आमचे भाऊजी आणि बर्फावरची फळी

जगातल्या प्रत्येक ढिल्या स्क्रूची जबाबदारी आपल्या एकट्यावर आहे, अशा समजुतीने जगणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. आमचे भाऊजी अकोल्याला बसगाड्यांच्या वर्कशॉपात फिटर होते. तिथून ते निवृत्त झाले, पण त्यांच्या मनगटाला कुणी तसं कळवलं नसावं. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, हे पेचकस लावतात. लग्नाच्या पंगतीत बसले की आधी खुर्ची उलटी करून पाहतात, मग शेजाऱ्याला उठवून त्याची, आणि वरण-भात येईपर्यंत अख्खी रांग उभी असते. एकदा माझ्याकडे अमरावतीला आले असताना राजापेठेत आमची गाडी सिग्नलला थांबली. पुढच्या स्कूटीची नंबरप्लेट हलत होती. भाऊजी उतरले आणि कामाला लागले. सिग्नल सुटला, मागून हॉर्न सुरू झाले, स्कूटीवरच्या बाई ‘चोर, चोर’ म्हणून ओरडू लागल्या. भाऊजींनी शांतपणे शेवटचा पीळ दिला आणि एवढंच म्हणाले, “ढिली होती.” त्यांच्या दृष्टीने खुलासा संपला होता.

अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीने, आमच्या प्रज्ञाने, बर्फावर घसरायचं मनावर घ्यावं, हा योगच विचित्र. पोरगी पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत. मैत्रिणींबरोबर हिमाचलात आठ दिवस गेली काय, आणि फळीवर उभं राहून डोंगर उतरायला शिकून आली काय. पुढच्या डिसेंबरात तीन महिन्यांची बिनपगारी रजा काढून तिकडच्या शिबिराला निघाली. शेवटी परीक्षा होती, ती पास झाली तर नवशिक्यांना शिकवता येणार होतं. जाण्याआधी चार दिवस अकोल्याला आली, ती फळी घेऊन. फळीबरोबर एका खोक्यात बाइंडिंग होतं. बाइंडिंग म्हणजे बूट फळीला धरून ठेवणारं खोगीर म्हणा ना. खाली प्लेट, मागे पोटरीला टेकणारी पाठ आणि पुढून दोन पट्टे. ते तिकडे गेल्यावर बसवायचं असं तिचं ठरलं होतं, पण भाऊजींनी खोक्यातले स्क्रू पाहिले. “लोकाच्या हातानं कसायचे? घरी बाप असताना?” झालं!

दुसऱ्या दिवशी सकाळी मला अमरावतीला फोन. “मास्तर, या तुमी. मामला काही समजून नाई राहिला.” मी शाळेत मराठी शिकवतो. फ्रिजमधला सोडून दुसरा बर्फ मी पाहिलेला नाही. तरी गेलो.

गच्चीवर दोन स्टुलांवर फळी आडवी पडली होती आणि भाऊजी तिच्याभोवती फेऱ्या मारत होते. “पोट्टी म्हंते फ्रीस्टाईल करतो. मी म्हटलं, कुस्ती?”

“कुस्ती नाही मामा,” प्रज्ञा म्हणाली. “उड्या. उतारावरून यायचं, हवेत गिरकी घ्यायची आणि खाली उतरायचं.”

“पाय बांधून?” जिन्यातून ताईचा आवाज आला.

फळीवर आडवं उभं राहायचं असतं, म्हणून पहिला प्रश्न होता, पुढे कोणता पाय. प्रज्ञाने सांगितलं की माणसाला मागून अचानक ढकलावं, तोल सावरायला जो पाय आधी पडेल तो पुढचा. हे तिने सांगायला नको होतं. मी कठड्यापाशी चहा पीत उभा होतो, पाठीत धक्का बसला आणि चहा सदऱ्यावर. “मास्तरचा उजवा,” भाऊजींनी जाहीर केलं. दुपारपर्यंत गल्लीतल्या निम्म्या लोकांचे पाय ठरले होते. गॅस सिलिंडर आणणाऱ्याला मात्र त्यांनी सिलिंडर खाली ठेवेपर्यंत सूट दिली. प्रज्ञाचा डावा पाय पुढे असतो हे तिला आधीच माहीत होतं, पण ते कुणी विचारलंच नव्हतं.

मग बाइंडिंगची पाठ हाताने वाकते हे भाऊजींच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा पडला. “नरम माल आहे हा. फसवलं तुले.”

“फ्रीस्टाईलले नरमच घेतात बाबा. उतरताना थोडं चुकलं तर पायाला वाकता आलं पाहिजे. कडक असलं की सगळा झटका गुडघ्यावर.”

“पण चुकायचंच काहून?”

मी विचार करू लागलो आणि कुणाची बाजू घ्यावी ते मला कळेना.

खरा घोळ झाला तो कोनाचा. प्लेटच्या मध्ये एक गोल चकती असते, तिच्यावर अंश कोरलेले. प्रज्ञाने पुढचा पाय पंधरा अंश बाहेर आणि मागचाही पंधरा अंश बाहेर, पण उलट्या दिशेला, असा लावला. भाऊजींना वाटलं, पोरीची चूक झाली. ती आंघोळीला गेली तेव्हा त्यांनी दोन्ही प्लेटा सरळ केल्या. तिने येऊन पुन्हा वाकड्या केल्या. ती जेवायला बसली, त्यांनी पुन्हा सरळ केल्या. “एक पाय बाळापूरकडे, एक मूर्तिजापूरकडे! अशानं मानूस अकोल्यातून निघन कसा?”

चौथ्या वेळी, पुन्हा कुणी हलवू नये म्हणून असेल, त्यांनी स्क्रू फार आवळला. कट् असा बारीक आवाज झाला आणि स्क्रू नुसताच फिरू लागला. फळीतल्या भोकाचा आटा गेला होता. गाडी परवाची होती.

प्रज्ञा फळीजवळ बसली. बराच वेळ स्क्रू बोटाने फिरवत राहिली. मग वर न पाहता म्हणाली, “बाबा, मी जाऊच नये असं वाटते ना तुमाले?”

भाऊजींचा पेचकस या हातातून त्या हातात गेला. शेवटी म्हणाले, “पाय मोडला तं? तिथं कोन आहे तुह्यं?”

“मोडू नये म्हणूनच तं हे असं लावून राहिली मी,” ती म्हणाली आणि खाली निघून गेली.

सकाळी मी गच्चीवर गेलो तर भाऊजी बादली घेऊन उभे. प्रज्ञाला त्यांनी अनवाणी बोलावलं, तिचे पाय स्वतः ओले केले आणि टाकीच्या ओट्यावर चढवलं. “मार उडी.” तिने मारली. कोरड्या फरशीवर दोन ठसे उमटले. “अजून.” दहा-बारा उड्या झाल्या. प्रत्येक वेळी दोन्ही चवडे बाहेर वळलेले, बदकासारखे. भाऊजी कोनमापक घेऊन ठशांवर ओणवे झाले. चौदा. सोळा. पंधरा. ठसे वाळायला लागले तरी ते उठेनात. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “मास्तर, पोट्टी बराबर बोलून राहिली होती.”

फळीला भोकांच्या ओळीच असतात. गेलेलं भोक सोडून त्यांनी ती प्लेट एका भोकाने आत घेतली, आणि फळीचा मध्य ढळू नये म्हणून दुसरीही घेतली. बूट ठेवून टाच आणि चवडा फळीच्या दोन्ही कडांबाहेर सारखाच येतो का ते पट्टीने मोजलं. प्रज्ञा वर उभी राहिली, गुडघे वाकवले आणि म्हणाली, “असंच जास्त बरं वाटते.” ते खरं होतं की बापाचं मन राखायला होतं, हे मला अजून उमगलेलं नाही. भाऊजींनी मात्र पेचकस तिच्या हातात दिला. “आता तू कस. तुह्या हातानं.” तिने स्क्रू कसले. त्यांनी हात मागे बांधून पाहिलं. किती जड गेलं असेल त्यांना!

महिन्याभराने मी अकोल्याला गेलो तेव्हा भाऊजी पडवीत मोबाइल घेऊन बसले होते. प्रज्ञाने व्हिडिओ पाठवला होता. पांढऱ्या उतारावरून एक लाल ठिपका येतो, उंचवट्यावरून हवेत जातो, अर्धा वळतो आणि धप्पकन पडतो. मग उठतो, हात हलवतो, हसत असावा. आम्ही तो सात-आठ वेळा पाहिला. भर दुपार होती, जानेवारीतही ऊन टोचत होतं. आत ताई ज्वारीची भाकर थापत होती.

“मास्तर,” भाऊजींनी विचारलं, “बरफावर पडलं तं लागते का हो?”

“नाही लागत,” मी म्हणालो. मला काय ठाऊक?

त्यांनी बराच वेळ मान हलवली. “मऊ असन,” म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून व्हिडिओ लावला.