व्हर्जिनियाच्या बंडातली दोन वाक्यं

इथे अमेरिकेत, आमच्या पिस्कॅटवे गावातल्या रविवारच्या मराठी शाळेत वार्षिक कार्यक्रमाआधी प्रत्येक मुलाचं भाषण कमिटीतल्या साठीच्या एक काकू तपासतात. माझ्या तेरा वर्षांच्या लेकीने विषय घेतला होता, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं व्हर्जिनियातलं बंड. तिथले गरीब गोरे वसाहतकरी गव्हर्नरवर उलटले. तेही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते, आधी त्यांनी शेजारच्या मूळ रहिवाशांचीच कत्तल केली. पण पुढे करारावर राबणारे गोरे नोकर आणि काळे गुलाम एकत्र आले, राजधानी जाळली, गव्हर्नर पळाला. बंड मोडल्यावर सत्ताधाऱ्यांनी गोऱ्या गरिबांना जरा वर चढवलं आणि काळ्यांना आणखी खाली दाबलं, म्हणजे पुन्हा एकत्र यायला नकोत.

शेवटी लेकीने दोन वाक्यं स्वतःची घातली होती. ‘माझ्या पणजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. अडवणारेही गरीबच होते.’

काकूंनी वाचलं, चष्मा काढला, हसल्या. “किती छान लिहिलंय! फक्त एंडिंग जरा हेवी होतंय हो. इथे अमेरिकेत कशाला जात आणायची?” आणि त्याच दमात, “तुमचं आडनाव वेगळंय. मूळ गाव कुठलं?”

हा प्रश्न मी जन्मभर ऐकत आलोय. गाव कुणाला हवं असतं? हवी असते जात. मला शिसारी आली. तिथल्या तिथे सुनवायला हवं होतं. नोकरी पक्की, नागरिकत्व हातात, कुणाच्या बापाला भ्यायचं कारण नव्हतं. आणि मी काय बोललो? “नागपूर साइड. काढतो ना ती वाक्यं, नो प्रॉब्लेम.” पेनही मीच मागून घेतलं.

“बट बाबा, दॅट्स द होल पॉइंट!” लेक म्हणाली. मी तिला गप्प बसवलं.

कार्यक्रमात बंड मोडल्यापर्यंत येऊन ती थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बुटांकडे बघत राहिलो. मग “धन्यवाद” म्हणून ती उतरली. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, निर्लज्जासारख्या.

नंतर जेवणाच्या रांगेत काकूंनी गाठलं. “गोड बोलली हो! पुढच्या वर्षी तुम्ही कमिटीत याच. भाषणं तपासायला माणूस हवाय.”

मला इतकं बरं वाटलं, की त्या बरं वाटण्याचीच अजून किळस येते. लेक शेजारीच ताट धरून उभी होती. तिच्यादेखत मी म्हणालो, “नक्की, काकू.”