आमच्या बाथरूममध्ये फोटो धुतात

हौस एकाची आणि ताप घरभराला, अशी आमच्याकडची परिस्थिती. त्यामुळे माझ्याकडे फोटो कमी आणि किस्सेच जास्त साठलेत.

परळला आमचं वन रूम किचन. आजकाल सगळे मोबाईलवर फोटो काढतात, मी अजून फिल्मच्या कॅमेऱ्याने काढतो आणि घरीच धुतो. रविवारी जेवणं उरकली की बाथरूमची डार्करूम होते. वॉशिंग मशीनवर फोटो मोठा करून छापायचा एन्लार्जर, खाली ट्रे, वर लाल बल्ब. आत शिरण्याआधी मी मोठ्याने विचारतो, "कोणाला जायचंय का?" मग कडी लावतो ती संध्याकाळपर्यंत.

आईने हे चालवून घेतलं ते एका अटीवर. आपल्या मागे भिंतीवर लावायचा फोटो तिला जिवंतपणीच पसंत करून ठेवायचा होता. भाच्याने मोबाईलवर काढलेल्या फोटोत तिच्या सगळ्या सुरकुत्या गायब. "ह्या बाईला हार घातलात तर वरून मीच ओळखणार नाही," म्हणाली. बाबांचा मात्र केव्हाच काढून, फ्रेम करून कपाटावर तयार आहे.

*

एकदा फोटो छापायच्या कागदाचं नवं पाकीट आणलं. त्या कागदावर लाल सोडून दुसरा उजेड पडला की तो बाद. संध्याकाळी घरी आलो, तर बाबांनी झाडून सगळे कागद ट्यूबलाइटखाली पलंगावर पसरलेले.

"एकेक तपासला," ते हळहळून म्हणाले. "एकावर पण फोटो नाही रे. गंडवलं तुला दुकानदाराने."

परत करायला म्हणून ते चपला घालून तयारच होते. त्यांना ओरडायचं तरी कोणत्या तोंडाने?

*

माझा मित्र नितीन शिवडीला गोदामात कामाला आहे आणि डार्करूममध्ये माझा पार्टनर. कॉफीत धुण्याचा सोडा घालून फिल्म धुता येते, हे त्याने इंटरनेटवर वाचलं. आम्ही किचनमधली कॉफीची अख्खी बाटली संपवली. वास असा सुटला की शेजारचं मांजर दोन मजले खाली गेलं. पण फिल्म झकास आली!

त्याच संध्याकाळी मामा-मामी आले. दोघं चहाला शिवत नाहीत. आईने त्यांच्यापुढे पाणी ठेवलं आणि आमच्याकडे बघून म्हणाली, "कॉफी आत्ताच फिल्मने घेतली."

*

समोर नवीन बिऱ्हाड आलं. त्या काकूंना रविवारी काय दिसायचं? आमच्या उघड्या दारातून आतल्या बंद दाराच्या फटीतला लाल उजेड, उग्र वास, आत दोन बाप्यांची कुजबुज. दाराबाहेर आई पहारा देत सांगते, "आत्ता नको, आत काळोख लागतो."

पुढच्या रविवारी त्यांनी उंबऱ्यावर नारळ आणून ठेवला, लांबूनच हात जोडले आणि लगबगीने आपलं दार लावून घेतलं. आईने नारळ फोडून सोलकढी केली आणि वाटीभर त्यांनाच नेऊन दिली. त्यांनी प्रसाद म्हणून डोक्याला लावून घेतली.

*

शेवटी आईच्या फोटोचा दिवस उजाडला. कपाटावरच्या फोटोत बाबा एका बाजूला वळून बघतायत. आईने उलट बाजूला वळून बसावं, म्हणजे भिंतीवर दोघं समोरासमोर दिसतील, असा बाबांचा हुकूम. आईने नथ घातली, सांगितलं तशी बसली. क्लिक झाल्याबरोबर म्हणाली, "दाखव."

फिल्म आहे, संपल्यावर धुवायची, मग छापायची, वेळ लागेल, असं मी सांगितलं.

"म्हणजे तोपर्यंत जगायला लागणार," ती म्हणाली.

एका रविवारी फोटो छापला. एकेक सुरकुती जागच्या जागी! मी खुशीत बाहेर आणला, आणि बघतो तर नथ भलत्याच नाकपुडीत. घाईत निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये पालथी घातली होती, त्यामुळे डावं ते उजवं झालं होतं. पुन्हा छापतो म्हणून मी तो फाडायलाच निघालो.

आईने हातातून काढून घेतला. बाबांची फ्रेम कपाटावरून उतरवून घेतली आणि खिडकीजवळच्या भिंतीला दोन्ही फोटो शेजारी शेजारी टेकवले. बाबा आईकडे बघत होते. आई त्यांच्याकडे पाठ करून खिडकीकडे.

"अगो, हे उलटं झालंय," बाबा म्हणाले. "त्याला दुसरा काढू दे."

"हाच लावायचा," आई म्हणाली. "जन्मभर तुमच्याकडेच बघितलं. आता जरा बाहेर बघते."