एलीची धून, अर्ध्या वेगाने

"आज तुझं टुकटुक नको," रोनेन दारातूनच म्हणाला. "आज फक्त शांत गाणी."

रोनेन आमच्या इंटरनेट रेडिओचा मॅनेजर. तेल अवीवमधल्या एका ऑफिसची मागची खोली म्हणजे आमचं स्टेशन. दोन माइक, एक मिक्सर आणि कायम तापलेला सर्व्हर. दोन हजार सालानंतरचे दिवस. मी रामल्याहून ट्रेनने यायचे, दिवसभर जाहिराती एडिट करायचे आणि मंगळवारी संध्याकाळी माझा स्वतःचा शो करायचे. जुन्या व्हिडिओ गेम्सचं संगीत. लोक हसायचे. हसू देत! ऐकणारे थोडे होते, पण एकही मंगळवार चुकवायचे नाहीत.

त्या सकाळी एका बसमध्ये स्फोट झाला होता. अशा दिवसाची आमच्या देशात एक रीत आहे. कुणी हुकूम काढत नाही, पण सगळी स्टेशनं आपणहून संथ, उदास हिब्रू गाणी लावतात. दुकानात शिरलं आणि तसलं गाणं कानावर आलं, की बातमी कळायच्या आधीच माणूस घरी फोन लावतो. रीत वाईट नाही. मीही ती पाळत आले होते.

पण त्या दिवशी मला एलीची धून लावायची होती.

एली हा दक्षिणेकडच्या नेतिवोत गावच्या सारामावशींचा मुलगा. मावशी मूळ कोकणातल्या ज्यू, आमच्यासारख्याच; तिथून मुंबई, मग इकडे. फॅक्टरीत पॅकिंग करून रिटायर झालेल्या. माझ्या आईच्या ओळखीतून त्यांचा फोन आला होता. "बये, तू खेळातलं म्युझिक लावतेस म्हणे. माझ्या एलीचं लावशील का?"

एली रक्ताच्या आजाराने गेला, सैन्यात जायच्या आधीच. आजारपणात तो एकच गेम खेळत बसायचा आणि त्याची धून दिवसभर घरात घुमायची. पुढे गेमची डिस्क खराब झाली. कॉम्प्युटर मात्र मावशींनी रोज पुसून तसाच ठेवला होता. फोनवर त्यांनी धून गुणगुणून दाखवली. सूर इकडेतिकडे, पण ताल पक्का. मी लगेच ओळखली.

"मावशी, कॅसेट भरून पाठवते ना," मी म्हटलं.

"कॅसेट नको ग. ती मी एकटीच ऐकत बसणार. तू रेडिओवर त्याचं नाव घे. सोल्जर गेला की रेडिओवाले नाव घेतात. माझं पोर हॉस्पिटलात गेलं. त्याचं नाव कोण घेणार?"

मी तारीख लिहून घेतली.

स्फोट झाला त्याच मंगळवारी एलीची अझ्कारा होती, म्हणजे वर्षाचा स्मरणदिवस. सकाळी कबरीवर प्रार्थना, संध्याकाळी घरी सगळे नातेवाईक. मावशींचा पुतण्या एलीच्याच कॉम्प्युटरला इंटरनेट जोडून देणार होता.

हे सगळं मी रोनेनला सांगितलं.

"पुढच्या मंगळवारी लाव," तो म्हणाला.

"अझ्कारा पुढे ढकलता येत नाही."

"आणि आज ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय, त्यांच्या कानावर ही उड्या मारणारी धून पडली तर?"

त्याचंही खोटं नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर. मग त्यानेच विचारलं, "संथ करता येईल का?"

इथे थोडं धंद्यातलं सांगते. तो गेम मुळात कॉम्प्युटरच्याही आधीच्या एका जुन्या मशीनसाठी बनलेला, आणि त्या मशीनच्या साउंड चिपला एका वेळी तीनच सूर काढता यायचे. म्हणून संगीतकार एक युक्ती करत. कॉर्डमधले, म्हणजे एकदम वाजायला हवेत असे सूर एकत्र न वाजवता एकामागून एक इतके भरभर वाजवत, की कानाला ते एकच वाटावेत. त्या संगीताची ती गुरगुर, ती धडपड, सगळी त्या घाईतून येते. वेग अर्धा केला की युक्ती उघडी पडते. सुटे सुटे सूर ऐकू येतात, धून राहत नाही.

मी वेग अर्धा केला आणि तसंच झालं. मग सुटे सूर काढून टाकले, खाली व्हायोलिनचे लांबवलेले सूर पसरले, वर पियानो ठेवला. रोनेनने हेडफोन लावून ऐकलं आणि त्याचे डोळे भरून आले. "बघ, किती सुंदर झालंय," तो म्हणाला. मलाही तसंच वाटलं.

शोमध्ये मी आधी स्फोटात गेलेल्यांसाठी दोन शब्द बोलले. मग एलीचं नाव घेतलं, त्याच्या आईचं घेतलं, गावाचं घेतलं, आणि धून लावली. शो संपल्यावर मोठ्या उत्साहाने फोन केला.

"ऐकलं ग," मावशी म्हणाल्या. "नाव घेतलंस. सुखी राहा. मागून ते कुणाचं रडकं लावलंस? आम्ही बसूनच राहिलो. एलीचं कधी लावणार?"

"मावशी, तेच एलीचं होतं. जरा संथ केलं होतं. आजच्या दिवसामुळे."

फोनमध्ये त्यांच्या पाठीमागे भांडी आवरल्याचा आवाज येत होता.

"नाही ग. एलीचं उडतं होतं. अंगात ताप असायचा, तरी पांघरुणाखाली पाय नाचायचे त्याचे. रडायला आम्हांला येतं, बये. त्यासाठी रेडिओ कशाला?"

"मी पुढच्या मंगळवारी नीट लावते. नक्की लावते."

"पुढच्या मंगळवारी कोण असणार? सगळे आज आले होते."

तरी मी लावली. मूळ वेगात, त्याचं नाव घेऊन. नंतर आईकडून कळलं, की मावशींनी तो कॉम्प्युटर अझ्काराच्या दुसऱ्याच दिवशी देऊन टाकला होता. यातून आता तो आवाज यायचा नाही, असं म्हणाल्या म्हणे.

स्टेशन पुढे बंद पडलं. ऑडिओचं काम मी अजून करते. कधीकधी श्रद्धांजलीचे व्हिडिओ येतात आणि क्लायंट सांगतात, "काहीतरी उदास म्युझिक टाका." मी आधी विचारते, "गेलेल्या माणसाला काय आवडायचं?"

बहुतेकांना ते ठाऊक नसतं. मग मी उदासच टाकते.