कोरी रफ शीट

“काकू, हात वर घ्या. दोन्ही.”

मी घेतले. पोलिसांनी धरल्यावर घेतात तसे. वय त्रेचाळीस, गुडघे साठीचे, केसांना कालच मेंदी लावलेली. वर्गात पस्तीस पोरंपोरी. सगळी माझ्या लेकीच्या वयाची. आणि मधोमध मी, हात वर करून. बाकडं इतकं अरुंद की उठताना पोट अडकलं. त्यालाही दोघं हसली.

एमबीएच्या सीईटीचा क्लास होता. राजारामपुरीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. दर रविवारी चढताना वाटायचं, परीक्षा हीच असावी.

त्या दिवशी सरांनी वीस प्रश्नांची टेस्ट घेतली होती. तक्ते, आलेख, टक्केवारी. टेस्ट झाल्यावर शेजाऱ्याशी पेपर बदलून तपासायचे, अशी पद्धत. माझा पेपर शेजारच्या पोरीनं तपासला. तिनं दोनदा मोजलं. मग म्हणाली, “सर, काकूंना अठरा.”

वर्गातला सगळ्यात हुशार पोरगा चौदावर होता.

सर आले. वय असेल एकोणतीस-तीस. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज. त्यांनी माझी रफ शीट उचलली. उलटी केली, सुलटी केली. कोरी. एक आकडा नाही, एक रेघ नाही.

“रफ वर्क कुठाय?”



तेवढ्यात ती पोरगी म्हणाली, “सर, काकूंचा डावा हात सारखा बाकाखाली होता.”

म्हणून हात वर.

मग माझी पर्स बाकावर पालथी झाली. मोबाइल निघाला, तो बंद. बाकी जे निघालं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. दोन चष्मे, एक लांबचा, एक जवळचा. गुडघ्याला लावायचं मलम. जेवणाचा डबा, त्यात अर्धी भाकरी. घरी जाताना विसरायला नको म्हणून येतानाच घेतलेली कढीपत्त्याची जुडी. कॉपीचा कागद निघाला नाही. कढीपत्त्याचा वास मात्र सगळ्या वर्गात पसरला.

“फोडणी द्यायची काय सर?” मागून एकजण म्हणाला. वर्ग खदाखदा हसला. मीही हसले. ही माझी जुनी खोड. लोक मला हसायला लागले की मी त्यांच्यात जाऊन बसते.

सर म्हणाले, “ठीक आहे. मग सहावा प्रश्न फळ्यावर सोडवून दाखवा.”

सहावा प्रश्न सोपा होता. एका कारखान्यात दर महिन्याला सारखंच उत्पादन. पाच महिने यंत्र बंद. वर्षाचं किती टक्के उत्पादन बुडालं? टेस्टमध्ये मी हा प्रश्न डोळ्याची पापणी लवायच्या आत सोडवलेला. एक्केचाळीस पूर्णांक सहासष्ट. पण आता फळा होता, उजव्या हातात मार्कर होता आणि डावा हात लपवायला जागा नव्हती. फळ्याला बाक नसतं. मी मूठ आवळली. पाच लिहिलं. खाली रेघ मारली. बारा लिहिलं. पुढं काही येईना. मार्कर घामानं निसटला, खाली पडला, टोपण गरंगळत पार दारापर्यंत गेलं.

“सहावीतलं पोर करेल हे,” सर म्हणाले. आणि मग, अगदी समजुतीच्या सुरात: “काकू, राग मानू नका. तुमचा फॉर्म बघितलाय मी. तुम्हाला एवढ्या मार्कांची गरजच नाही. तुमच्या लोकांना कमी मार्कांवर सीट मिळते ओ. मग कॉपी कशाला?”

ह्याला कुणी हसलं नाही. सगळ्यांना ते पटलं. कोडं सुटल्यासारखी तोंडं झाली पोरांची. म्हणजे आता ह्या बाईला अठरा कसे पडले, ते कळलं. आणि ती इथं का आली, तेही कळलं.

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, “थँक्यू सर.”

हे मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. थँक्यू सर.

दाराशेजारी मार्कांची यादी चिकटवतात. माझ्या नावापुढं अठरा नव्हते. लाल शाईत लिहिलं होतं, ‘रद्द’.

आता मी त्या वर्गात कशाला गेले, ते सांगते. कागलच्या एमआयडीसीत, पंचतारांकित म्हणतात त्या वसाहतीत, मी एकोणीस वर्षं गाड्यांचे सुटे भाग तपासते. तारे पाच असतील, बायकांसाठी संडास एकच. बीएस्सी करून लागले, क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून. आजही तीच. माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा आता माझा साहेब आहे. व्हर्नियर कसा धरायचा ते मी त्याला शिकवलं, आता तो माझ्या रजेवर सही करतो. वाईट नाही बिचारा. यंदा डिपार्टमेंटला असिस्टंट मॅनेजरची जागा निघाली, तेव्हा त्यानंच बोलावून सांगितलं, “ताई, काम तुमच्याएवढं कुणाला येत न्हाई. पण वरचे लोक कागद मागतात. एमबीएला ॲडमिशन झाल्याचं पत्र आणा, तोवर जागा धरून ठेवतो. यंदाच बरं का. पुढच्या वर्षी बाहेरनं माणूस घेणार हायत.”

म्हणजे सीईटी. म्हणजे हा क्लास. म्हणजे ही एकच खेप. पुढच्या वर्षी परीक्षा असेल, जागा नसेल. मग रिटायर होईपर्यंत तोच स्टूल, तोच गेज, आणि दर चार वर्षांनी नवा पोरगा. ‘ताई, हे कसं धरायचं?’

त्या रविवारनंतर मला गणितं येईनाशी झाली. खोटं सांगत नाही. पुस्तक उघडलं की आकडे नुसते मुंग्यांसारखे पळायचे.  कंपनीत एका पेटीतले नग मी तीनदा मोजले, तीन उत्तरं आली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी शेजारणीला म्हणाले, “जरा तू मोज की.” ती माझ्याकडं बघतच राहिली.

दोन रविवार क्लासला गेले नाही. घरी सांगितलं, गुडघा दुखतोय. नवरा म्हणाला, “मग मलम लाव.” मलमाचं नाव काढल्यावर मला रडूच आलं. तो घाबरला. त्याला वाटलं, गुडघा फारच दुखतोय. उचगावातल्या डॉक्टरकडं घेऊन गेला, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. आमच्या घरात माझं रडणं असं गुडघ्यावर जातं.

तिसऱ्या शनिवारी लेक म्हणाली, “आई, बस. मी टायमिंग लावते.” ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेपर ठेवला, मोबाइलवर वेळ लावली. मी पहिला प्रश्न वाचला. दुसरा वाचला.

“आई.”

“काय गं?”

“हात खाली का घालतीस?”

मी बघितलं. डावा हात टेबलाखाली गेला होता. माझ्या घरात. माझ्या टेबलाखाली. समोर माझी लेक, आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. कुणापासून लपवत होते मी?

मग तिला सांगितलं. तिसरीतलं.

माझी आई भांगलायला जायची, लोकांच्या रानातलं तण काढायला. किती सऱ्या झाल्या ते ती पेरांवर मोजायची. अंगठा फिरायचा चार बोटांवरनं, एका बोटाला तीन पेरं, एका हाताला बारा. शाळा तिनं बाहेरून बघितलेली, पण हिशेबात तिला कुणी फसवलं नाही. मला आकडे तिच्या हातावर आले, पाटीवर नंतर. आणि पाटीवर आल्यावर मी तेच केलं. गुरुजींनी बघितलं. लाकडी पट्टी आडवी नाही, उभी मारली, बोटांच्या गाठींवर. मग म्हणाले, आणि हे शब्द मी आजवर विसरले नाही: “ह्या हातांनी शेणी थापायच्या. गणित डोक्यानं करायचं. असलं तर.”

वर्ग हसला. मीही हसले. तेव्हापासनंच ती खोड.

मोजायचं मात्र सोडलं नाही. हात पाटीखाली नेला. मग बाकाखाली, मग कंपनीत ॲप्रनच्या खिशात. पस्तीस वर्षं. बारा पेरांचं वर्ष. एक पेर म्हणजे महिना, एक बोट म्हणजे तिमाही, पंचवीस टक्के. पाच महिने म्हणजे एक बोट आणि वर दोन पेरं. एक्केचाळीस पूर्णांक सहासष्ट. कागद कशाला लागतो? म्हणून रफ शीट कोरी. मला वाटायचं ही माझी चोरी आहे. त्या दिवशी सरांनी चोर ठरवलं तेव्हा मला आतून पटलं होतं, म्हणून तर थँक्यू निघालं तोंडातून. चोरी मी केलीच नव्हती. पस्तीस वर्षं मी माझीच अक्कल चोरून वापरत होते.

 लेकीनं टेबलावरची मिठाची बरणी बाजूला सरकवली. जागा केली. मी हात वर घेतला.

दुसऱ्या दिवशी क्लासला गेले. जिन्यात दोनदा थांबले, ते गुडघ्यामुळं. पहिल्या बाकावर बसले. डावा हात बाकावर ठेवला, उघडा. सर आत आले.

“सर, त्या यादीतला ‘रद्द’ काढा.”

“काकू, तो विषय संपलाय.”

“माझा न्हाई संपला. अठरा माझे होते. मी पेरांवर मोजते. असं.” आणि दाखवलं. एक बोट, दोन पेरं.  

मागून कुणीतरी हसलं. ह्या वेळी मी हसले नाही. 

सर म्हणाले, “बोटं मोजणं ही मेथड नाही. एमबीएला बसताय तुम्ही, बालवाडीला नाही.”

“तुमची मेथड कागदावर दिसती, माझी हातावर. घ्या टेस्ट.”

त्यांनी घेतली. वीस प्रश्न. मी सगळ्यांसमोर मोजलं, सर माझ्या बाकाशीच उभे. माझा अंगठा दोनदा चुकला. पेपर तपासला त्याच पोरीनं. मान वर न करता म्हणाली, “अकरा.”

अकरा. वाटलं जमीन फाटावी. बाई, हीच वेळ सापडली तुला?

“बघितलं?” सर म्हणाले.

“बघितलं. हे अकरा माझे. ते अठरा पण माझे. ‘रद्द’ काढा.”

“नाहीतर?”

नाहीतर काय, ते माझ्याकडं नव्हतं. ना ओळख, ना पाठीमागं कुणी.  तरी म्हणाले, “नाहीतर दर रविवारी विचारणार. परीक्षेपर्यंत. सगळ्यांसमोर.”

“मग तुम्ही दुसरा क्लास बघा.”

“न्हाई बघणार. इथंच बसणार. ह्याच बाकावर.”

बसले. पोट अडकलं. अडकू दे.

‘रद्द’ अजून तिथंच आहे. मी दोन रविवार विचारलं, येत्या रविवारी परत विचारणार. परीक्षा तीन आठवड्यांवर आली. घरी कधी सोळा पडतात, कधी दहा. पत्र मिळेल का, साहेब जागा धरून ठेवेल का, मला माहीत नाही. रात्री भीती वाटते, सकाळी त्याहून जास्त.

पण एवढं ठरलंय. फॉर्मवरचा जातीचा रकाना मी स्वतः भरलाय, तो माझा हक्क आहे. त्यासाठी मी मान खाली घालणार नाही, आणि मार्क मागायचेही सोडणार नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये रफ कामाला कागद देतील. तो मी कोरा परत देणार. डावा हात टेबलावर असेल, सगळ्यांना दिसेल असा. कुणी म्हणालं खाली घ्या, तर घेणार नाही. थँक्यूही म्हणणार नाही.