कवळीवाल्यांचा पिंगळा

माझे सासरे कवळ्या करतात. दातांचे डॉक्टर नव्हेत ते. डॉक्टर माप घेऊन पाठवतात, आणि मग आमच्या मागच्या खोलीत मेण वितळतं, प्लास्टर कालवलं जातं, बोटभर कानशीने दात घासले जातात. ऊन मात्र फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत येतं, त्यामुळे गावातल्या बऱ्याच प्रतिष्ठित माणसांचे जबडे तिथे वाळत पडलेले असतात. लग्नानंतर पहिल्या सकाळी मी चहाचं आधण ठेवायला गेले आणि खिडकीतून ओळीने जबडे माझ्याकडे बघून हसले. मी किंचाळले. बाबा धावत आले आणि म्हणाले, "घाबरू नकोस, यातला एकच चावतो." त्याच क्षणी मला कळलं की या घरात निदान एका माणसाशी आपलं जमणार.

गिऱ्हाइकाला कवळी देताना ते साफ सांगतात, "पहिला महिना मला शिव्या घालाल. हिरड्या सोलवटतील, जेवण नकोसं होईल. नंतर विसराल." बाकीचे कवळीवाले सांगतात, तोंडात काही आहे हे कळणारसुद्धा नाही. म्हणून त्यांच्या कवळ्या कपाटात राहतात आणि बाबांनी केलेल्या तोंडात.

धंद्याखालोखाल त्यांचा जीव कशात असेल तर पक्ष्यांत. त्यासाठी हा माणूस कुठल्या अभयारण्यात किंवा तलावावर जातो असं समजू नका. बर्फाच्या कारखान्यामागे एक मोकळी जागा आहे. तिथे पाडलेल्या घरांचा राडारोडा, काटेरी झुडपं, दोन-चार फुटके कमोड आणि मधोमध एक डबकं. हे डबकं म्हणजे आमच्या ऑफिसची कृपा. मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर बसते, आणि ते पाणी आमच्याच गळक्या पाइपचं आहे. नवी असताना मी ती गळती नोंदवायला निघाले, तर बाबांनी मला दारातच अडवलं. "तुमच्या ऑफिसने आजवर एकच चांगलं काम केलंय, ते बिघडवू नकोस."

रोज सकाळी, काम सुरू करण्याआधी, गळ्यात दुर्बीण अडकवून ते तिथे हजर. सोबतीला त्यांचा दोस्त, निवृत्त कंडक्टर. आमच्या घरात त्याला 'कंडक्टर' एवढंच नाव आहे. दुर्बीण एक, माणसं दोन, आणि पक्षी तेच ते. कावळे, मैना, चिमण्या, डबक्याकाठी शेपटी हलवत फिरणारा धोबी, एखादा कंटाळलेला बगळा. खंड्या आला तर आला, त्याची मर्जी. मी एकदा म्हटलं, "बाबा, एकदा जंगलात तरी जाऊन या." तर म्हणाले, "जंगलात जाऊन पक्षी बघणं म्हणजे लग्नात जाऊन माणसं बघणं. सगळे नटूनथटून. माणूस कळतो तो घरी बनियनवर असताना."

त्या जागेवर बाबांचा एकच कायदा होता. जो पक्षी आपल्याला दिसला नाही, त्याला 'दिसला' म्हणायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण शेजारी उभा असलेला माणूस बोट दाखवून "तो बघ, तो बघ, त्या फांदीच्या मागे" करायला लागला की दहांतले नऊ जण कंटाळून "हो हो, दिसला" म्हणतात आणि सुटतात. बाबांना ते चालत नसे. "नाही दिसला म्हण ना. पुन्हा दाखवतो. त्यात काय लाज?"

या असल्या बापाच्या पोटी माझा नवरा कसा जन्मला, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. गोड माणूस. इतका गोड की मुंग्या लागाव्यात. औषधाच्या दुकानात बसतो आणि "दोन दिवसांत ठणठणीत व्हाल" असं म्हटल्याशिवाय गिऱ्हाइकाला गोळ्या देत नाही. दुखावायचं म्हणून कुणाला नाही. मी पडले फटकळ, तेव्हा संसाराची चव बरोबर जमते, असं सासूबाई म्हणतात.

तर झालं असं की शिंपीणबाईंच्या कवळीत समोरचा एक दात बाकीच्यांपेक्षा पिवळा निघाला. बाबांच्या हातून अशी चूक म्हणजे सुतारानं खुर्चीला तीन पाय लावावेत तसं. शिंपीणबाई काही बोलल्या नाहीत, पण हसताना तोंडावर पदर घ्यायला लागल्या. मग आम्ही बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांचा डावा डोळा लहानपणीच दगड लागून गेलेला. सगळी भिस्त उजव्यावर, आणि त्याच उजव्यात मोतीबिंदू पिकत आलेला. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करून टाकू. काही नसतं त्यात."

बाबा म्हणाले, "बघू."

त्यानंतर बघू, बघूच चाललं. थंडी जाऊ दे, हातातली कामं संपू दे. डोळ्याचा विषय निघाला की त्यांना कानाने ऐकू येईनासं व्हायचं. नवरा म्हणायचा, "बाबा, चुटकीसरशी होतं हो." कंडक्टर म्हणायचा, "माझ्या मेव्हण्याचं झालं, संध्याकाळी पेपर वाचत बसला होता." सासूबाई आधी रागावल्या, मग रडल्या, मग अबोला धरून बसल्या. मला राग यायचा, पण त्याहून भीती वाटायची. एकच डोळा. तो ऑपरेशनमध्ये गेला तर अंधार, आणि ऑपरेशन केलं नाही तरी अंधारच, फक्त हळूहळू. मागच्या खोलीत आता ते दात खिडकीशी नेऊन, नाकाला लावून बघत, आणि तरीही मला हाक मारून विचारत, "हे दोन एका रंगाचे आहेत का गं?"

अशात एका सकाळी ते लग्नघरातून आल्यासारखे खुशीत परत आले. "पिंगळा आलाय! कारखान्याच्या भिंतीत उंचावर, जुना पाइप काढलाय ना, त्या भोकात बसलाय." पिंगळा म्हणजे मुठीएवढं, अंगावर पांढरे ठिपके असलेलं घुबड. आमच्या त्या उकिरड्याच्या मानाने हा पाहुणा फारच मोठा. दुसऱ्या दिवशीही पिंगळा तिथेच. तिसऱ्या दिवशीही. "दिवसा असाच बसतो तो, हलत नाही," बाबा कौतुकानं सांगत.

कंडक्टर बघून आला आणि आमच्या ओट्यावर बसून म्हणाला, "काय टपोरे डोळे आहेत हो!" रविवारी नवरा गेला. तो तर परत येऊन जेवताना अभिनय करून दाखवायला लागला. "आणि आई, त्याने मान अशी गर्रकन फिरवली!" सासूबाईंनी अबोला तेवढ्यापुरता सोडला. "मी नाही यायची ते कमोड ओलांडून. इतकी वर्षं ह्यांच्याकडे बघतेय तेवढं घुबड मला पुरे."

मग बाबांनी मला विचारलं. "येतेस का उद्या? ऑफिसच्या आधी?"

सकाळी आम्ही दोघंच गेलो. ऊन भिंतीवर सरळ पडलं होतं. बाबांनी दुर्बीण माझ्या हातात दिली, बोटाने जागा दाखवली आणि बाजूला झाले. मी भोक शोधलं. दुर्बिणीचं चाक फिरवलं. चित्र स्पष्ट झालं.

तो हातमोजा होता.

बर्फाच्या लाद्या उचलणारे हमाल घालतात तसला, मातकट तपकिरी, लादी निसटू नये म्हणून वर रबराचे पांढरे ठिपके असलेला. कुणीतरी तो भोकात कोंबला होता आणि अंगठा चोचीसारखा पुढे वाकला होता. मी पुन्हा बघितलं. मग उगाच आणखी एकदा. खरं सांगते, पहिला राग आला तो नवऱ्याचा. मान फिरवली म्हणे! आणि मग बाबांकडे बघितलं. ते डबक्याकडे तोंड करून उभे होते, शर्टाची वरची गुंडी नीट लावलेली, केस चापून बसवलेले, जणू पाहुण्यांना मुलगी दाखवायला आणलीय. 'छान आहे हो बाबा' म्हटलं असतं तर आम्ही दोघंही हसत घरी गेलो असतो. जीभ अगदी तिथवर आली होती. पण मग ते आणखी महिनाभर 'बघू' म्हणणार, कारण डोळे तर चांगलेच चाललेत, पिंगळासुद्धा दिसतोय.

"बाबा," मी म्हटलं, "तो पिंगळा नाही. हातमोजा आहे."

मला वाटलं, आता हा माणूस इथेच खाली बसणार.

"कुठल्या हाताचा?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"डाव्या की उजव्या?"

मी पुन्हा दुर्बीण लावली. "उजव्या. ठिपके रबराचे आहेत."

"हं," ते म्हणाले आणि पालथ्या कमोडवर टेकले. "हातमोजा असेल असं वाटलं नव्हतं."

"म्हणजे पिंगळा नाही हे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिले दोन दिवस नाही. पिंगळाच वाटला, शपथेवर. मग मनात आलं, दोन दिवस घुबड बसलंय आणि खाली भिंतीवर एक शिंतोडा नाही? बसल्या जागी घाण केल्याशिवाय राहतंय होय कुठलं घुबड? जवळ जाऊन भिंत हाताने चाचपली. कोरडी, स्वच्छ. तेव्हा कळलं, जे काय आहे ते पाखरू नाही."

"मग सांगायचं नाही? सगळ्या गावाला कशाला आणलंत?"

ते चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत राहिले, जणू काचेचाच दोष आहे.

"कंडक्टरला त्यात डोळे दिसले," ते म्हणाले. "पोराला मान फिरताना दिसली. माझ्यावर माया आहे त्यांची, मी नाही म्हणत नाही. पण हीच माणसं मला सांगतात, ऑपरेशनमध्ये काही होत नाही. डॉक्टरही तेच म्हणतो, आणि तोही तसाच हसत म्हणतो. मला एकच डोळा आहे गं. तो मी कुणाच्या शब्दावर टेबलावर ठेवू?"

मला रडू आलं. सरळ, नाक गळेपर्यंत. फटकळ माणसाला रडताना फार अवघडल्यासारखं होतं. बाबांनी खिशातून रुमाल काढून दिला, त्याला प्लास्टर लागलेलं होतं.

"तू चल माझ्याबरोबर," ते म्हणाले. "डॉक्टरला विचार बिघडलं तर काय. जे सांगेल ते मला जसंच्या तसं सांग. गोड करू नकोस."

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला खोलीत गाठलं आणि हातमोज्याचं सांगितलं. तो पलंगाच्या कडेवर बसला. "अगं, मला तिथे काहीच दिसलं नव्हतं," तो म्हणाला. "म्हटलं, बाबा किती खूश आहेत." मग बराच वेळ तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. मी आणखी चार शब्द सुनावणार होते, पण सुनावले नाहीत.

डॉक्टर आधी तेच म्हणाले, काही काळजी नको. मग मी माझ्या तक्रारींच्या खिडकीवरचा आवाज काढला. तो आवाज ऐकला की पाइप दुरुस्त होत नाहीत, पण माणसं खरं बोलायला लागतात. बाहेरच्या बाकावर येऊन मी बाबांना सांगितलं, "बहुतेकांचं नीट होतं. क्वचित एखाद्याचं बिघडतं, डोळ्यात पू होतो, नजर जाऊ शकते. तुम्ही तो एखादा नसालच असं डॉक्टरला सांगता येत नाही. थांबलात तर मोतीबिंदू कडक होईल आणि ऑपरेशन आणखी अवघड. पहिले काही दिवस डोळा खुपणार, लाल राहणार."

बाबांनी मोठा श्वास सोडला. "हां. आता कसं! घे तारीख."

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायच्या वेळी आम्ही सगळे भोवती उभे होतो. सासूबाईंनी माझं मनगट इतकं आवळलं होतं की बांगडी रुतली. नर्सने पट्टी सोडली, औषध घातलं, बाबांनी डोळा उघडला आणि मिचकावला. मग पुन्हा उघडला.

"धूसर आहे," ते म्हणाले. "सगळं धूसर आहे."

नर्स म्हणाली, डॉक्टर आत्ता येतील, तेच बघून सांगतील. बाबा आमच्या चेहऱ्यांच्या दिशेने बघत होते, पण कुठला चेहरा कुणाचा ते त्यांना उमगत नसावं. "नीट होईल ना रे हे?" त्यांनी विचारलं. मला नाही, लेकाला.

नवऱ्याने तोंड उघडलं. मला त्याचं वाक्य पाठ होतं, ओठांवर येताना दिसत होतं. त्याने ते गिळलं. बापाशेजारी पलंगावर बसला.

"मला माहीत नाही, बाबा," तो म्हणाला. "मलाही भीती वाटतेय."

बाबांनी चाचपडत त्याचा हात शोधला आणि घट्ट धरला. डॉक्टर येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.